गरज आणि गर्जना

जनरेटर म्हटला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मंगल कार्यालयाची मागची बाजू उभी राहते. उष्ट्या पत्रावळींच्या ढिगाशेजारी एक लोखंडी धूड उभे असते. मंगलाष्टके रंगात आली की नेमकी वीज जाते, कुणीतरी 'अरे, तो लावा, तो लावा!' म्हणून ओरडतो, आणि मग ते धूड असे काही गरजू लागते की 'सावधान' हा शब्द नवरानवरीला भटजींच्या ओठांवरून ओळखावा लागतो. हे यंत्र किती मोठे असावे, हा प्रश्न वधुपित्याला कधी पडत नाही. मांडववाला सांगतो, 'मोठाच घ्या साहेब, ऐनवेळी फजिती नको,' आणि वधुपिता मान डोलावतो. यंत्र जेवढे मोठे तेवढे बरे, हे आपले त्या बाबतीतले एकंदर तत्त्वज्ञान.

शास्त्रीय परिभाषेत या यंत्राला जनित्र म्हणतात. शब्द सुबक आहे, संस्कृतातला आहे. पण गेली वीस वर्षे मराठी शिकवूनही 'जनित्र लावा रे' असे म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. तेव्हा मीही जनरेटरच म्हणतो.

या यंत्राच्या आकाराचा मला कधी विचार करावा लागेल असे वाटले नव्हते. पण २०२३ च्या उन्हाळ्यात तो योग आला, आणि आला तोही अमेरिकेत. माझी थोरली बहीण ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहराजवळ राहते. आई तिच्याकडे गेली होती, आणि कॉलेजला सुट्टी लागताच आईला परत आणण्यासाठी मी तिकडे गेलो. जूनमध्ये फिनिक्सचा पारा चाळीस अंशांच्या पुढे असतो. तिथली माणसे घरातून मोटारीत आणि मोटारीतून दुकानात अशी, जळत्या तव्यावरून उड्या मारत जावे तशी जातात.

ताईच्या अंगणात एक ट्रेलर उभा होता. ट्रेलर म्हणजे आपल्याकडे उसाच्या मोळ्या वाहणारा, ट्रॅक्टरच्या मागे हेलकावे खाणारा नव्हे. हे चाकांवरचे चक्क एक बिऱ्हाड असते. मोटारीच्या मागे जोडायचे आणि रानावनात नेऊन ठेवायचे. आत पलंग, ओटा, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर आणि छपरावर वातानुकूलनाचे यंत्र. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते हेच. माझ्या मेहुण्यांना या बिऱ्हाडाचे भारी वेड. मुलगी लहान होती तेव्हा दर सुट्टीला ही मंडळी कुठल्या ना कुठल्या राष्ट्रीय उद्यानात मुक्काम ठोकून असत.

मी गेलो तेव्हा मात्र त्या ट्रेलरवर धूळ साचली होती. दोन वर्षे तो जागचा हलला नव्हता. कारण असे की, मेहुण्यांना झोपेत श्वास अडकण्याचा विकार जडला होता. डॉक्टरी भाषेत याला स्लीप ॲप्निया म्हणतात. माणूस घोरता घोरता एकदम थांबतो, काही सेकंद श्वासच नसतो, मग दचकून पुन्हा सुरू होतो. आणि रात्रीतून असे कितीतरी वेळा होते. त्यावर उपाय म्हणून नाकावर मुखवटा बांधून झोपायचे. उशाशी एक लहानसे यंत्र असते, सीपॅप त्याचे नाव. ते रात्रभर हलक्या दाबाने हवा पुरवते आणि घसा मिटू देत नाही. डॉक्टरांनी बजावले होते, एकही रात्र याच्याशिवाय झोपायचे नाही. आणि ते यंत्र चालते विजेवर. जिथे वीज नाही तिथे मुक्काम नाही, एवढाच त्याचा अर्थ. मेहुणे बोलून दाखवत नसत, पण सकाळी चहाचा पेला घेऊन ते त्या ट्रेलरभोवती एक फेरी मारून येत. एखाद्याने बांधून ठेवलेल्या घोड्याच्या पाठीवरून हात फिरवावा, तसा त्यांचा हात त्याच्या पत्र्यावरून फिरे.

शेवटी ताईनेच पुढाकार घेतला. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर माथर नावाचा मुक्कामाचा तळ आहे. तिथे जागा मिळवायची तर महिनोन् महिने आधी नाव नोंदवावे लागते. तिने ती नोंदवली, आणि आई परत जाण्यापूर्वी आपण सगळे चार रात्री तिथे राहायचे, असे जाहीर केले. त्या तळावर पाणी आहे, उंच पाइन वृक्ष आहेत, एल्क नावाची मोठी हरणे पंगतीतून फिरावे तशी माणसांतून फिरतात. पण ट्रेलरला जोडायला वीज नाही. तेव्हा जनरेटर घेणे आले. केवढा घ्यायचा, हा प्रश्न इथे जन्माला आला.

मेहुणे पेशाने इंजिनिअर. त्यांनी तत्काळ कागद घेतला आणि यादी केली. वातानुकूलन १५०० वॅट. मायक्रोवेव्ह १४००. कॉफीचे यंत्र १०००. केस वाळवण्याचे यंत्र, भाचीकरिता, १५००. मिक्सर ७५०, कारण आई ओल्या नारळाच्या चटणीशिवाय इडली खात नाही. टीव्ही १००. आणि सर्वांत शेवटी, जवळजवळ विसरल्यासारखे, सीपॅप ४०. बेरीज ६२९० वॅट.

'म्हणजे सात हजारांचा हवा,' मेहुणे म्हणाले. 'काय प्रोफेसर?'

मी नुसती मान हलवली. इंजिनिअर माणसाने दोन रेघा मारून बेरीज केली की आम्हा भाषावाल्यांची बोलती बंद होते.

दुकानात गेलो तेव्हा आणखी ज्ञान मिळाले. जनरेटरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेला आकडा बहुधा पहिल्या धक्क्याचा असतो. बंद पडलेली मोटार ढकलताना पहिल्या रेट्याला जसा दुप्पट जोर लागतो आणि एकदा चाके फिरू लागली की दोन माणसे पुरतात, तसे वातानुकूलनाच्या यंत्राचे असते. चालताना ते दीड हजार वॅटच्या आत भागवते, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याला त्याच्या दुपटीच्या आसपास वीज लागते. म्हणून जनरेटरचे दोन आकडे असतात, एक क्षणाचा आणि एक अखंड चालण्याचा. खोक्यावर २२०० असेल तर अखंड मिळणारे १८०० च. माणसे जोखतानाही हे दोन आकडे वेगळे ठेवावेत, असे मला तिथे वाटून गेले. सभेत पहिल्या पाच मिनिटांत गाजणारे आणि वर्षभर काम करणारे यांत आपली नेहमी गल्लत होते.

तिथे दोन जातींची यंत्रे होती. एक उघड्या सांगाड्याची, स्वस्त, इमारतींच्या कामावर वापरतात ती. सात हजार वॅटच्या सांगाड्याला हात लावून पाहिला. तो उचलायला आपल्याकडचे दोन हमाल लागले असते. दुसरी जात बंद पेटीतली. तिला इन्व्हर्टर जनरेटर म्हणतात. आपल्या घरोघरी इन्व्हर्टर म्हणजे भारनियमनाच्या दिवसांत जिन्याखाली येऊन बसलेली ती बॅटरी; हा इन्व्हर्टर निराळा. हा आधी कच्ची वीज तयार करतो, तिला सरळ करतो, आणि मग इलेक्ट्रॉनिक मंडलातून पुन्हा स्वच्छ, सुतासारखी लहर काढून देतो. नाजूक यंत्रांना ती मानवते. शिवाय ओझे कमी असेल तेव्हा याचे एंजिन आपण होऊन हळू चालते, म्हणून पेट्रोलही कमी लागते आणि आवाजही. याउलट तो सांगाडा, दिवा एक लावा की दहा, सारख्याच वेगाने बोंबलत असतो.

मराठीत 'गरज' आणि 'गरजणे' हे दोन शब्द कसे शेजारी येऊन बसले आहेत पाहा. पहिला अरबीतून आलेला, दुसरा संस्कृतातल्या गर्जनेचा. रक्ताचे नाते काही नाही. पण त्या दुकानात मला ते सख्खे भाऊ वाटू लागले. तिथे प्रत्येक गिऱ्हाईक गरज सांगत होते आणि विक्रेता त्याला गर्जना विकत होता.

आम्ही रिकाम्या हाताने परतलो. रात्री जेवणे झाल्यावर ताईने ती यादी हातात घेतली. तीस वर्षे संसाराचा जमाखर्च सांभाळलेल्या बाईची नजर ती. ती म्हणाली, 'हे सगळे एकाच वेळी कोण लावणार आहे? केस वाळवताना चटणी वाटणार का आपण?'

भाची म्हणाली, 'मी केस उन्हात वाळवीन.' एका फटक्यात दीड हजार वॅट गळाले.

'कॉफी गॅसवर होते,' ताई म्हणाली. 'चटणी मी घरून वाटून नेईन. आणि फ्रीज, गरम पाणी, शेगडी सगळे गॅसवरच चालते त्या ट्रेलरमध्ये. मग उरले काय?'

'वातानुकूलन,' मेहुणे ठामपणे म्हणाले. फिनिक्सच्या जूनमध्ये बसलेल्या माणसाने दुसरे काय म्हणावे?

पण ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून जवळजवळ सात हजार फूट उंच आहे. फिनिक्स जेमतेम अकराशे. आपल्याकडे महाबळेश्वर साडेचार हजारांच्या आसपास, म्हणजे हा काठ महाबळेश्वरच्या डोक्यावर आणखी अर्धे महाबळेश्वर ठेवावे एवढा. जूनच्या रात्री तिथे गारठा पडतो, पारा दहा अंशांच्या खाली जातो. तिथे गारवा नव्हे, ऊब लागते! वातानुकूलनावर काट पडली, आणि सहा हजारांच्या यादीत उरले ते तळाशी बिचकत उभे असलेले चाळीस वॅट.

आता खरी मेख पुढे आहे. हे चाळीस वॅट लागतात रात्री, आणि त्या तळावर जनरेटर रात्री लावायला बंदी! सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ एवढेच चार तास तो चालवता येतो. शिवाय राष्ट्रीय उद्यानांच्या नियमाप्रमाणे पन्नास फुटांवर साठ डेसिबलांपेक्षा जास्त आवाज चालत नाही. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटला. माणसे सातशे मैलांवरून तिथे येतात ती शांततेकरिता. तिथे एकाच्या थंड बिअरसाठी शंभर जणांनी एंजिन का ऐकावे? पण मग जो जनरेटर रात्री लावताच येत नाही, तो रात्रीच्या यंत्राकरिता घ्यायचा तरी कशाला?

उत्तर ट्रेलरच्या पोटात होते. तिथे बॅटऱ्या असतात. जनरेटरने दिवसा बॅटऱ्या भरायच्या आणि रात्री त्यांतली वीज पुरवून खायची. दिवसा दळावे आणि रात्री भाकरी खावी, तसे. म्हणजे प्रश्न मुळातच बदलला. जनरेटर केवढा, हे सीपॅप ठरवणार नव्हते की मायक्रोवेव्ह. ते ठरवणार होता बॅटरी भरणारा चार्जर. आणि गंमत अशी की, या चार्जरचे नाव मेहुण्यांच्या त्या ६२९० च्या यादीत कुठेच नव्हते.

मग खरा हिशेब सुरू झाला. ताईने बाजारातून एक लहान मीटर आणले. ते भिंतीतल्या विजेच्या खाचेत बसवून त्याला सीपॅप जोडले आणि सकाळी आकडा वाचला. हवा गरम आणि ओलसर करणारे पात्र चालू ठेवले तर यंत्र रात्रीतून अर्ध्या युनिटाहून अधिक खाई. ते बंद ठेवले तर पाव युनिटाहून थोडे जास्त. पाव युनिट! आपल्या विजेच्या बिलात दोनतीन रुपयांचा मामला. आई कौतुकाने म्हणाली, 'एवढ्यात जावईबापूंचा रात्रभराचा श्वास होतो? मग कशाला एवढा घोर लावून घेतलात दोन वर्षे?'

बॅटरीच्या भाषेत हे झाले सुमारे २७ अँपिअर-तास. रात्री भट्टीचा पंखा मधूनमधून चालणार त्याचे २०-२५, दिवे आणि पाण्याचा पंप धरून एकंदर साठीच्या घरात. ट्रेलरमध्ये सहा सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या, मिळून २२० अँपिअर-तासांच्या. साध्या शिशाच्या बॅटरीतून निम्म्याच्या खाली उतरू नये, नाहीतर तिचे आयुष्य घटते. तरी ११० हाताशी उरले. चार्जर ५५ अँपिअरचा. तो पूर्ण जोराने चालताना जनरेटरकडून नऊशे ते हजार वॅट मागतो, आणि बॅटरी भरत आली की आपोआप हात आखडता घेतो. सकाळचे दोन आणि संध्याकाळचे दोन तास त्याला पुरेसे होते.

हजार वॅट लागतात तर मग हजाराचाच जनरेटर का घेऊ नये? इथे पुन्हा उंची आडवी आली. एंजिनलाही श्वास लागतो. दर हजार फुटांना त्याची ताकद साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते, कारण हवा विरळ होते. सात हजार फुटांवर १८०० वॅटच्या यंत्राचे जेमतेम चौदाशे हाती येतात. हजाराचे यंत्र तिथे धापा टाकत बसले असते. मेहुण्यांनी हा हिशेब मांडला तेव्हा क्षणभर कुणी बोलले नाही. सात हजार फुटांवर दम लागणाऱ्या दोघांची ती गोष्ट होती, आणि त्यांतला एक समोर बसला होता.

आणखी एक माप होते, जे कुठल्याच खोक्यावर छापलेले नसते. मेहुण्यांचे वर्षभरापूर्वी हर्नियाचे ऑपरेशन झाले होते. जड उचलायला मनाई. तीन हजार वॅटची बंद पेटीतली यंत्रे चाळीस ते साठ किलोंची. अठराशेचे यंत्र एकवीस किलोंचे. ताई दुकानात गेली, तिने मूठ धरून ते उचलले, चार पावले चालली, खाली ठेवले, पुन्हा उचलले. विक्रेता तिला त्या यंत्राची वैशिष्ट्ये सांगू पाहत होता. ती म्हणाली, 'मला मोटारीतून काढून खाली ठेवता येते का, एवढेच पाहते आहे.' भाजीची पिशवी जोखणाऱ्या बाईचा तो चेहरा होता. ते एकवीस किलो तिने पसंत केले, आणि आकाराचा निकाल तिथे लागला.

भाचीचा मात्र या सगळ्याला विरोध होता. 'मामा, आता लिथियमच्या मोठ्या बॅटऱ्या मिळतात, सूर्यावर भरायच्या. धूर नाही, आवाज नाही.' तिचे म्हणणे काही खोटे नव्हते. एक किलोवॅट-तासाची तसली पेटी सीपॅप तीन रात्री सहज चालवील, आणि नुसत्या सीपॅपपुरते दोन रात्री जायचे असेल तर जनरेटर घेणे मीदेखील शहाणपणाचे समजणार नाही. पण चार रात्री, त्यात भट्टीचा पंखा, आणि डोक्यावर पाइनची गर्द सावली. तिथे सूर्य शोधत पत्रे हलवत बसावे लागले असते. ज्यांना भर उन्हाळ्यात सखल वाळवंटातच मुक्काम करायचा आहे त्यांचीही गोष्ट वेगळी. त्यांना वातानुकूलन हवेच, तेव्हा तीन हजारांच्या आसपासचे यंत्र, किंवा दोन लहान यंत्रे जोडीने लावण्याची सोय असते ती, हेच बरे. त्याहून बरे म्हणजे वीज असलेल्या तळावर चार पैसे जास्त मोजून राहणे.

जून अखेरीस आम्ही निघालो. तळावर पोचलो तेव्हा दुपार टळत होती. ताईने यंत्र काढले, ट्रेलरपासून वीस फुटांवर वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवले आणि धुराड्याचे तोंड रानाकडे फिरवले. या बाबतीत ती फार कडक. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. श्वासासाठी आणलेल्या यंत्राने श्वासच घ्यावा, असे व्हायला नको. सहाला दोरी ओढली. पेटीतून शिलाईच्या यंत्रासारखी घरघर सुरू झाली. आई खुर्ची टाकून बसली होती. ती म्हणाली, 'एवढाच आवाज? मला वाटले, लग्नातल्यासारखा असेल.'

आमच्यापासून तिसऱ्या जागेवर एक भले मोठे धूड चालू होते. काय काय चालवत होते देव जाणे. आठ वाजता तेही थांबले आणि रानात एकदम अशी शांतता पसरली की पाइनच्या सुया पडल्याचे ऐकू यावे. साडेदहाला मेहुण्यांनी मुखवटा चढवला. मी पडद्याच्या अलीकडे आडवा झालो होतो. बऱ्याच वेळाने एक लय ऐकू येऊ लागली, समुद्र फार लांबून ऐकावा तशी. मध्ये थांबत नव्हती. ताईही जागी होती. तीही ऐकत असावी.

पहाटे सहाला मी उठलो तेव्हा ती दिव्याखाली बॅटरीचा मीटर वाचत होती. तिने मला दोन बोटे आणि मग चार बोटे दाखवली, १२.४ व्होल्ट. रात्र काढूनही बॅटऱ्यांचा तळ दिसला नव्हता. मग तिने गॅसवर चहा ठेवला.

सात वाजले. तिसऱ्या जागेवरचे ते धूड घड्याळाच्या ठोक्याला गरजू लागले. ताई बाहेर जाऊन आमच्या यंत्राशी उभी राहिली, दोरीला हात घातला, आणि हात काढून घेतला. परत येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, 'अजून झोपलेत. जरा वेळाने लावते.'

आमचा जनरेटर त्या दिवशी पावणेआठला सुरू झाला.